वाहिनी एक, वाटेकरी अनेक : फ्रेम रिलेची कार्यपद्धती

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज वोडेयर यांनी आपल्या राज्यात टपालाची जी व्यवस्था उभारली, ती 'अंचे' या नावाने ओळखली जाते. १८८९ मध्ये ती ब्रिटिश भारताच्या टपाल खात्यात विलीन झाली. कन्नड भाषेत मात्र टपालाला आजही अंचे असेच म्हणतात. हरकाऱ्यांच्या पायांवर चालणाऱ्या जुन्या टपालाचा गाभा सर्वत्र सारखाच होता. एका टप्प्यावरचा हरकारा थैली घेऊन धावे आणि पुढच्या टप्प्यावरील हरकाऱ्याच्या हाती ती सोपवून परते. थैलीत काय आहे हे पाहणे त्याचे काम नव्हते. थैली कोणाकडे द्यायची एवढेच त्याने जाणावे, अशी अपेक्षा असे.

संगणकांच्या जाळ्यांत १९९० च्या दशकात जगभर रूढ झालेली फ्रेम रिले ही पद्धत याच तत्त्वावर उभी होती. रिले म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे हाती देणे. दूरदूरच्या कार्यालयांतील संगणक कमी खर्चात जोडण्याचा एक व्यवहार्य मार्ग या पद्धतीने दाखविला. आज तिची जागा नव्या तंत्रांनी घेतली आहे. तथापि, एकाच वाहिनीत अनेकांना वाटेकरी करताना प्रत्येकाला किमान किती मिळेल याची हमी कशी द्यावी, हा तिने हाताळलेला प्रश्न जुना झालेला नाही. ग्रामीण भागातील शासकीय सेवा संगणकाच्या जाळ्यावर अवलंबून असताना तो समजून घेणे अगत्याचे आहे.

कार्यालये जोडण्याचा प्रश्न

कर्नाटक शासनाने 'भूमी' प्रकल्पाद्वारे राज्यातील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी जमीन अभिलेखांचे संगणकीकरण केले. महाराष्ट्रात जे स्थान सातबारा उताऱ्याचे, तेच कर्नाटकात 'आरटीसी' उताऱ्याचे. प्रारंभी १७७ तालुक्यांतील केंद्रांवरून १५ रुपयांत हा उतारा मिळू लागला. त्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याची माहिती त्या त्या तालुक्याच्याच संगणकात असे. ती एकत्र आणावयाची, बँकांना आणि अन्य कार्यालयांना उपलब्ध करून द्यावयाची, तर पुढची पायरी म्हणजे तालुके परस्परांशी जोडणे. इमारतीतील संगणक जोडणे सोपे असते, कारण तार आपली आणि भिंतही आपली. गावे आणि शहरे ओलांडणाऱ्या जाळ्यासाठी मात्र दूरसंचार कंपनीची वाहिनी भाड्याने घ्यावी लागते. अशा जाळ्याला वाइड एरिया नेटवर्क, म्हणजेच विस्तृत क्षेत्र जाळे म्हणतात.

विवेचनासाठी म्हैसूर जिल्हाच घेऊ. येथे दिलेली जोडणीची आकडेमोड केवळ उदाहरणादाखल आहे. म्हैसूर शहर, नंजनगूड, टी. नरसीपूर, हुणसूर, पिरियापट्टण, कृष्णराजनगर आणि हेग्गडदेवनकोटे अशी सात ठिकाणे आहेत. प्रत्येक ठिकाण अन्य प्रत्येकाशी थेट जोडावयाचे तर २१ स्वतंत्र वाहिन्या लागतील. ठिकाणे दुप्पट, म्हणजे १४ झाली, तर वाहिन्या ९१ होतील. वाहिनीचे भाडे अंतरावर आणि क्षमतेवर ठरत असे. नंजनगूड म्हैसूरपासून जवळ आहे. परंतु हेग्गडदेवनकोटे तालुका नागरहोळे अरण्याच्या आणि कबिनी जलाशयाच्या परिसरात पसरलेला आहे. तेथपर्यंतची प्रत्येक वाहिनी खर्चिक.

शिवाय अशी वाहिनी दिवसाचा बराच काळ रिकामीच असते. संगणकांचे संभाषण दूरध्वनीवरील संभाषणासारखे अखंड नसते. कारकून एखादी नोंद मागवितो, क्षणभर वाहिनी भरून वाहते आणि पुढची दोन मिनिटे तो ती नोंद वाचत बसतो. दारात उभ्या केलेल्या भाड्याच्या गाडीसारखी ही स्थिती होय. गाडी वापरा किंवा न वापरा, भाडे चढतच राहते.

एक्स.२५ कडून फ्रेम रिलेकडे

या अपव्ययावरचा पहिला उपाय म्हणजे संदेशाचे लहान तुकडे करून अनेकांचे तुकडे एकाच वाहिनीतून पाठविणे. या कल्पनेवर आधारलेले एक्स.२५ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७६ मध्ये मान्य झाले. भारतात दूरसंचार विभागाचे 'आय-नेट' हे जाळे याच मानकावर चालत असे.

एक्स.२५ ची रचना झाली ती तांब्याच्या, खरखरणाऱ्या तारांच्या काळात. वाटेत संदेश बिघडणे ही नित्याची बाब होती. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर तुकडा तपासला जाई, मागील टप्प्याला पोच दिली जाई आणि ती येईपर्यंत मागील टप्पा त्या तुकड्याची प्रत सांभाळून ठेवी. टपालाच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक हरकारा थैली उघडून पत्रे मोजी, पावती देई आणि मगच पुढे निघे. व्यवस्था भरवशाची होती; परंतु मंद होती.

पुढे प्रकाशीय तंतूंच्या वाहिन्या आल्या आणि चुकांचे प्रमाण अत्यल्प झाले. टोकाच्या संगणकांतही स्वतःच चुका ओळखून हरवलेला भाग पुन्हा मागविण्याची क्षमता आली. मग प्रत्येक टप्प्यावरची ही तपासणी आणि पोच कशासाठी, असा प्रश्न साहजिकच निर्माण झाला. फ्रेम रिलेने त्याचे उत्तर दिले. मधल्या टप्प्यांनी फक्त पत्ता पाहावा, थैली फाटलेली नाही एवढे तपासावे आणि ती पुढे द्यावी. फाटलेली आढळल्यास ती टाकून द्यावी; दुरुस्तीचा प्रयत्न करू नये आणि मागे निरोपही पाठवू नये. काय हरवले ते टोकाचे संगणक ओळखतील आणि पुन्हा पाठवतील. या पद्धतीचे प्राथमिक प्रस्ताव १९८४ च्या सुमारास मांडले गेले. १९९० मध्ये सिस्को, डिजिटल इक्विपमेंट, नॉर्दर्न टेलिकॉम आणि स्ट्रॅटाकॉम या चार कंपन्यांनी एकत्र येऊन तिला व्यवहारोपयोगी रूप दिले आणि तिचा प्रसार वेगाने झाला.

चौकटीची रचना

फ्रेम म्हणजे चौकट. पाठवावयाची माहिती ज्या वेष्टनात घातली जाते ते वेष्टन, असा येथे अर्थ आहे. चौकटीच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही ठरावीक खूण असते. तीच खूण माहितीत चुकून येऊ नये म्हणून पाठविणारे यंत्र सलग पाच एकांनंतर एक शून्य घालते आणि घेणारे यंत्र ते काढून टाकते.

आरंभीच्या खुणेनंतर सामान्यतः दोन बाइटचे, म्हणजे १६ बिटांचे शीर्ष असते. त्यातील १० बिट हा पत्ता होय. तीन बिट गर्दीच्या व्यवस्थापनासाठी राखलेले आहेत, तर उरलेले तीन अन्य तांत्रिक कामांसाठी. शीर्षानंतर मूळ माहिती येते. तिची लांबी ठरावीक नसते; गरजेनुसार ती कमीअधिक होते. शेवटी १६ बिटांची तपासणी संख्या असते. चौकटीतील मजकुरावर ठरावीक गणित करून ती काढलेली असते. पुढचा टप्पा तेच गणित पुन्हा करतो आणि उत्तर जुळले नाही तर चौकट टाकून देतो.

आभासी मंडल

या पद्धतीत प्रत्येक कार्यालय जवळच्या दूरसंचार केंद्रापर्यंत एकच वाहिनी घेते. त्यापुढचे जाळे कंपनीचे असून ते अनेक ग्राहकांत सामाईक असते. या सामाईक जाळ्यातून दोन कार्यालयांच्या दरम्यान एक कायमचा मार्ग आखून दिला जातो. त्याला व्हर्च्युअल सर्किट किंवा आभासी मंडल म्हणतात. तो आभासी अशासाठी की, त्याच्याकरिता वेगळी तार ओढलेली नसते. केंद्रांतील यंत्रांच्या तक्त्यांत तशी नोंद केलेली असते, इतकेच. आपल्या उदाहरणातील सात कार्यालये आता सात वाहिन्यांनी जोडली जातात आणि २१ मार्ग केवळ नोंदींनी निर्माण होतात. नवा तालुका जोडताना खोदकाम एकाच वाहिनीपुरते करावे लागते.

पत्त्याच्या १० बिटांत १,०२४ क्रमांक बसतात आणि त्यांपैकी काही राखीव असतात. मग देशभरातील हजारो ग्राहकांना ते कसे पुरावेत? येथे या रचनेतील सर्वांत सुंदर युक्ती दिसते. हा क्रमांक संपूर्ण जाळ्याचा नसतो, तो केवळ त्या एका वाहिनीपुरता असतो. म्हैसूरच्या वाहिनीवर नंजनगूडचा मार्ग १०१ क्रमांकाचा असेल, तर नंजनगूडच्या वाहिनीवर तोच मार्ग ४० क्रमांकाचा असू शकतो. मधले प्रत्येक यंत्र आपला तक्ता पाहते, आलेला क्रमांक पुसून पुढच्या वाहिनीवरचा क्रमांक लिहिते आणि चौकट पुढे देते. हरकाऱ्याला अखेरचे गाव ठाऊक असण्याची गरज नाही; पुढचा टप्पा ठाऊक असला की पुरे. त्यामुळे तेच क्रमांक जाळ्यात ठिकठिकाणी पुन्हा वापरता येतात.

मार्ग चालू आहे की नाही हे कळण्यासाठी कार्यालयातील यंत्र, सामान्यतः दर १० सेकंदांनी, दूरसंचार केंद्राकडे विचारणा करते आणि केंद्र उत्तर देते. दर सहाव्या विचारणेला केंद्र सर्व मार्गांची स्थिती कळविते.

हमी आणि उसनवारी

वाहिनी सामाईक झाली की वाटणीचा प्रश्न येतो. यासाठी ग्राहक आणि कंपनी यांच्यात प्रत्येक आभासी मंडलापुरता एक करार होतो. त्यातील मुख्य आकडा म्हणजे हमीचा वेग, इंग्रजी आद्याक्षरांनुसार सीआयआर. समजा, नंजनगूडच्या कार्यालयाची केंद्रापर्यंतची वाहिनी सेकंदाला १२८ किलोबिट क्षमतेची आहे आणि म्हैसूरशी जोडणाऱ्या मंडलाचा हमीचा वेग ६४ किलोबिट आहे. याचा अर्थ असा की, जाळ्यात कितीही गर्दी असली तरी ६४ किलोबिट वाहून नेण्याचे दायित्व कंपनीचे. त्यावरील ६४ किलोबिट ही सवलत आहे. इतर ग्राहकांची वाहिनी रिकामी असेल तर ती वापरावी, नसेल तर आग्रह धरू नये.

हा हिशेब ठरावीक कालावधीच्या मापाने ठेवला जातो. आपल्या उदाहरणात तो कालावधी एक सेकंदाचा धरू. त्या सेकंदातील पहिले ६४ हजार बिट हमीचे. त्यानंतरच्या चौकटी केंद्र स्वीकारते, परंतु शीर्षातील एका बिटाची खूण करून त्यांना 'प्रसंगी टाकण्यास पात्र' ठरविते. करारातील जादा मर्यादाही ओलांडली, तर पुढच्या चौकटी केंद्राच्या दारातच टाकल्या जातात. सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण क्षमतेने माहिती पाठवीत नाहीत, या अनुभवावर हे गणित उभे आहे. म्हणूनच तीच वाहिनी अनेकांना देता येते आणि प्रत्येकाचे भाडे कमी होते.

जाळ्यात कोठे कोंडी झाल्यास ती कळविण्यासाठी शीर्षात आणखी दोन बिट आहेत. कोंडीतून पुढे जाणाऱ्या चौकटीवर एक खूण केली जाते, जेणेकरून घेणाऱ्याला वाटेत गर्दी आहे हे समजते. उलट दिशेने येणाऱ्या चौकटीवर दुसरी खूण केली जाते आणि पाठविणाऱ्याला वेग कमी करण्याची सूचना मिळते. मात्र ही केवळ सूचना होय, आज्ञा नव्हे. पाठविणाऱ्याने ती मानली नाही आणि कोंडी वाढली, तर प्रथम 'टाकण्यास पात्र' चौकटी टाकल्या जातात. जो हमीच्या मर्यादेत राहिला त्याला शक्यतो झळ पोहोचत नाही. मर्यादा ओलांडणाऱ्याने जोखीम पत्करलेलीच असते.

तालुक्याच्या खिडकीवर

करारातील हा आकडा कोणाच्या आयुष्यात येतो? जिल्ह्याच्या संगणकात ठेवलेला मोजणीचा नकाशा तालुक्याच्या खिडकीवर मागविला, असे समजू. नकाशाचा आकार ५ लाख बाइट, म्हणजे ४० लाख बिट. वेष्टनाचा अल्प भार सोडून दिला तर १२८ किलोबिट वेगाने तो सुमारे ३१ सेकंदांत येईल. गर्दीच्या दिवशी ६४ किलोबिटच मिळाले तर एक मिनिटाहून किंचित अधिक लागेल. परंतु भाडे वाचविण्यासाठी हमीचा वेग १६ किलोबिटच घेतलेला असेल, तर गर्दीच्या दिवशी त्याच नकाशाला ४ मिनिटांहून अधिक वेळ लागू शकतो. रांगेत ३० शेतकरी असतील तर केवळ नकाशे येण्यास पहिल्या स्थितीत पाव तास, दुसऱ्या स्थितीत अर्धा तास आणि तिसऱ्या स्थितीत दोन तासांहून अधिक वेळ जाईल.

यातील विपरीत भाग असा की, गर्दी एकाच वेळी सर्वत्र होते. पीक कर्जाच्या हंगामात किंवा अर्जाच्या अखेरच्या तारखेला सर्वच तालुक्यांच्या खिडक्यांवर रांगा लागतात. सर्व जण एकाच क्षणी वापर करीत नाहीत, हे गृहीतक नेमके त्याच दिवशी ढासळते. उसनी क्षमता ज्या दिवशी सर्वाधिक हवी, त्याच दिवशी ती मिळत नाही. वाहिनीची चाचणी निवांत दुपारी घेतली तर ती १२८ किलोबिट दाखवील. दूरच्या गावाहून बसने आलेल्या आणि परतीची बस गाठावयाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हमीचा आकडाच खरा.

दुसरी एक चूक मध्यवर्ती ठिकाणी होते. सहा तालुक्यांना प्रत्येकी ६४ किलोबिटची हमी दिली तर बेरीज ३८४ किलोबिट होते. म्हैसूरच्या कार्यालयाची स्वतःची वाहिनी मात्र २५६ किलोबिटचीच असेल, तर सहाही तालुक्यांची हमी एकाच वेळी पाळली जाणे अशक्य. विहिरीला पाणी भरपूर, पण पोहरा लहान, अशी ही अवस्था. अशा वेळी दोष तालुक्यांच्या वाहिन्यांत शोधला जातो, तो प्रत्यक्षात मुख्यालयाच्या दारात असतो. निविदा तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने ही साधी बेरीज करून पाहिली तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

मर्यादा आणि उत्तराधिकारी

फ्रेम रिले स्वच्छ वाहिनीवर विसंबून होती. वाहिनी सदोष असेल तर चौकटी वारंवार टाकल्या जातात, टोकाचे संगणक त्या पुन्हा पाठवितात आणि गर्दी आणखी वाढते. चौकटींची लांबी कमीअधिक असल्याने एखाद्या लांब चौकटीमागे आवाजाचा लहानसा तुकडा अडकून पडे. त्यामुळे दूरध्वनी आणि दृक्‌श्राव्य संभाषणासाठी विशेष योजना करावी लागे. तसेच आभासी मंडल म्हणजे गुप्तता नव्हे. एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या मार्गापासून वेगळी राहते, परंतु ती सांकेतिक भाषेत रूपांतरित होत नाही.

जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएस या तंत्राची मूळ मांडणी मानक दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली आणि पुढील काळात दूरसंचार कंपन्या या तंत्राकडे व इथरनेट सेवांकडे वळल्या. केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांची, म्हणजे स्वॅनची योजना मंजूर केली. ३,३३४ कोटी रुपयांच्या या योजनेत राज्य मुख्यालयापासून जिल्हा आणि तालुका किंवा विकास गट पातळीपर्यंत किमान २ मेगाबिट क्षमतेची जोडणी अभिप्रेत होती. ही जाळी प्रामुख्याने इंटरनेटच्या संकेतपद्धतीवर उभी राहिली. २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूने जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली.

फ्रेम रिले मागे पडली तरी तिच्या कल्पना टिकून आहेत. प्रत्येक टप्प्यावर क्रमांक बदलत जाण्याची युक्ती एमपीएलएसमध्ये दिसते. कोंडीची सूचना चौकटीवर खुणेने देण्याची पद्धत २००१ मध्ये इंटरनेटच्या मानकांतही स्वीकारली गेली. हमीचा वेग आणि जादा वेग यांची विभागणी इथरनेट सेवांच्या करारांत आजही आढळते.

समारोप

किलोबिटच्या जागी आता मेगाबिट आणि गिगाबिट आले. तरीही वाहिनी अनेकांत वाटली जाते ही वस्तुस्थिती बदललेली नाही. जाहिरातीत किंवा प्रस्तावात '१०० मेगाबिटपर्यंत' असे लिहिलेले असते, तेव्हा त्यातील 'पर्यंत' हा शब्द उसनवारीचा असतो, हमीचा नसतो. भारतात ब्रॉडबँडची व्याख्या २००४ च्या धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट अशी होती. २०२३ मध्ये ती किमान २ मेगाबिट करण्यात आली. या दोन्ही व्याख्या किमान वेगावर बेतलेल्या आहेत, कमाल वेगावर नव्हेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शाळा यांच्यासाठी जोडणी घेताना म्हणूनच तीन प्रश्न विचारले पाहिजेत. गर्दीच्या वेळी किमान वेग किती? सर्व टोकांच्या हमीची बेरीज मध्यवर्ती वाहिनीत बसते काय? आणि हमी पाळली गेली की नाही, हे कोण, केव्हा आणि कोठे मोजणार? मोजमाप निवांत दुपारी न घेता रांगेच्या दिवशी, तालुक्याच्या खिडकीवर घेतले गेले, तरच करारातील आकड्याला अर्थ येईल. जुन्या अंचेची परीक्षाही राजधानीत झाली नसेल. राज्याच्या शेवटच्या टप्प्यावर थैली वेळेवर पोहोचली की नाही, यावरच ती झाली असेल. संगणकाच्या जाळ्याची परीक्षाही तेथेच झाली पाहिजे.